कानाच्या खळग्यातून मेंदूपर्यंत

बाबांना 'सौम्य बौद्धिक ऱ्हास' आहे असे निदान झाल्यानंतर काही आठवड्यांनी दादाने एक लहानसे यंत्र विकत आणले. ते खिशात मावते, त्याला एक बारीक तार आहे, आणि तारेच्या टोकाला धातूचे दोन ठिपके असलेली क्लिप आहे, जी डाव्या कानाच्या खळग्यात बसवायची असते. रोज अर्धा तास सौम्य विद्युतप्रवाह दिला की 'व्हेगस नर्व्ह' जागी होते, मेंदूला चालना मिळते आणि विसरभोळेपणाचा वेग मंदावतो, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिले होते. दादाने ते माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "तू हे सगळं वाचत असतेस ना, मग सांग, लावायचं का बाबांना?" मी डॉक्टर नाही. शोधनिबंध चिकाटीने वाचण्याची सवय आणि थोडा संशयी स्वभाव एवढेच माझे भांडवल आहे. त्याला त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. पुढचे तीन महिने वाचून जे उत्तर तयार झाले ते येथे लिहीत आहे, कारण ते 'हो' किंवा 'नाही' या एका शब्दात बसत नाही.

आधी त्या चेतेविषयी (चेता म्हणजे नर्व्ह). मेंदूपासून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्या आहेत आणि त्यांतली दहावी जोडी म्हणजे व्हेगस. मराठी वैज्ञानिक लेखनात तिला प्राणेशा असे सुंदर नाव आहे. लॅटिन नावाचा अर्थ मात्र 'भटकणारी' असा आहे, आणि तो तिच्या मार्गाला शोभतो, कारण ती गळा, स्वरयंत्र, हृदय, फुप्फुसे, जठर अशी फिरत आतड्यांपर्यंत जाते. मेंदू हुकूम सोडतो आणि चेता तो अवयवांपर्यंत पोहोचवतात, असे आपल्या मनातले सर्वसाधारण चित्र असते. व्हेगसच्या बाबतीत हे चित्र जवळजवळ उलटे आहे. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे संदेश नेतात. ती हुकूम वाहण्यापेक्षा बातम्याच अधिक वाहते. या एका गोष्टीवर पुढचा सगळा डोलारा उभा आहे: बातम्या वर जाणाऱ्या वाटेवर आपण बाहेरून टकटक केली, तर ती वर ऐकू जाईल काय?

टकटक करण्यासाठी दार हवे, आणि ते दार कानात आहे. व्हेगस शरीराच्या खोल भागांतून जात असली, तरी तिची एक लहान फांदी बाह्यकर्णाच्या त्वचेपर्यंत येते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रीडरिश आर्नोल्ड यांच्या नावाने ती ओळखली जाते. कान साफ करताना काही जणांना एकाएकी खोकल्याची उबळ येते, ती या फांदीमुळेच; कानाच्या नळीला झालेला स्पर्श व्हेगसमार्गे वर जातो आणि मेंदूचा समज असा होतो की काहीतरी घशात अडकले आहे. मला स्वतःला हा खोकला लहानपणापासून येतो. त्याचे कारण कळल्यावर मला जो आनंद झाला, तो घरात दुसऱ्या कोणालाही झाला नाही.

आता संदेश वर गेल्यावर काय होते, ते पाहू. व्हेगसचे वर जाणारे तंतू मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातल्या, एका केंद्रकात (चेतापेशींच्या पुंजक्यात) येऊन थांबतात आणि तेथून त्यांची बातमी अनेक ठिकाणी वाटली जाते. त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे लोकस सेरुलियस. या नावाचा अर्थ 'निळी जागा'. पेशींमधल्या रंगद्रव्यामुळे ती निळसर दिसते. प्रत्येक बाजूला काही दशसहस्र चेतापेशी, एवढाच तिचा पसारा आहे, पण या मूठभर पेशींच्या शाखा जवळजवळ संपूर्ण मेंदूत पोहोचतात आणि मेंदूला सावध ठेवणारे नॉरअॅड्रेनलिन हे रसायन बहुतांशी त्याच पुरवतात. सावध होणे, लक्ष लागणे, नवी गोष्ट दिसताच ती 'ठेवून घे' असा इशारा स्मृतीच्या यंत्रणेला मिळणे, या साऱ्यांत या निळ्या जागेचा हात असतो.

ही जागा मला इतकी महत्त्वाची का वाटली, ते सांगते. अल्झायमरच्या आजारात टाऊ नावाच्या प्रथिनाचे विकृत रूप मेंदूत एका ठरावीक क्रमाने पसरते. हा क्रम हाइको ब्राक आणि एव्हा ब्राक या जर्मन शास्त्रज्ञ दांपत्याने १९९१ मध्ये मांडला. पुढे २०११ मध्ये हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येने मेंदू तपासून दाखवले की टाऊमधले अगदी पहिले बदल मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या सुरकुतलेल्या थरात, सुरू होत नाहीत, तर त्याआधी मस्तिष्कस्तंभात, विशेषतः या निळ्या जागेत दिसतात, आणि तेही कधी कधी तरुण वयातच. म्हणजे आठवणी हरवू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी जेथे पहिली वाळवी लागते, नेमक्या त्याच जागेपर्यंत कानाच्या त्वचेवरून जाणारी एक वाट आहे. ही कल्पना मोहात पाडणारी आहे, आणि ज्यांनी या विषयावर आयुष्य वेचले तेही या मोहातूनच आले असावेत, असे मला वाटते.

परंतु मोहाबरोबर शंकाही येते. आजारी पडू लागलेल्या पेशींना रोज ठरावीक वेळी जागे करणे त्यांच्या हिताचे आहे की अहिताचे? व्यायामाने स्नायू बळकट होतो, पण मोडलेल्या हाडावर वजन टाकले तर ते बरे होत नाही. निळ्या जागेतल्या पेशी यांपैकी कोणत्या अवस्थेत आहेत, हे बाहेरून दिसत नाही. उत्तेजनेच्या बाजूने बोलणारे दोन मुद्दे मांडतात. पहिला मुद्दा असा की व्हेगसच्या चालनेने अॅसिटिलकोलीन हे स्मृतीला लागणारे रसायन स्रवणाऱ्या पेशीही जाग्या होतात, आणि अल्झायमरवर वर्षानुवर्षे दिले जाणारे डोनेपेझिल हे औषध नेमके हेच रसायन टिकवून धरते. दुसरा मुद्दा दाहाचा आहे. केव्हिन ट्रेसी यांनी २००२ मध्ये 'दाहाची प्रतिक्षिप्त क्रिया' ही कल्पना मांडली: शरीरात दाह वाढला की व्हेगस ती बातमी मेंदूला देते आणि मेंदू तिच्याच वाटेने दाह आवरण्याचा निरोप परत पाठवतो. म्हातारपणी मेंदूत धुमसत राहणारा दाह चेतापेशींना घातक असतो, म्हणून ही वाट बळकट करावी, असा तर्क आहे. तर्क चांगला आहे, पण तर्क आणि परिणाम यांत अंतर असते. वैद्यकाच्या इतिहासात ते अंतर अनेकांनी जिवावर बेतेपर्यंत विसरलेले आहे.

व्हेगसला विजेने चाळवण्याची कल्पना नवी नाही. १८८० च्या दशकात जेम्स कॉर्निंग नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी फिट येणाऱ्या रुग्णांच्या मानेवर बाहेरून दाब आणि विद्युतप्रवाह देऊन पाहिला होता. त्यातून काही टिकाऊ हाती लागले नाही आणि कल्पना शंभर वर्षे पडून राहिली. १९८५ मध्ये जेकब झबारा यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की व्हेगसच्या उत्तेजनेने आकडी थांबवता येते. १९८८ मध्ये पहिल्या माणसाच्या छातीत यंत्र बसवले गेले आणि त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगसला गुंडाळली गेली. औषधे आणि उपकरणे यांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने १९९७ मध्ये अपस्मारासाठी आणि २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी या उपचाराला मान्यता दिली. ही सगळी शस्त्रक्रियेची गोष्ट झाली. शस्त्रक्रियेवाचून, त्वचेवरून काम करणारी यंत्रे नंतर आली. मानेवर धरायच्या अशाच एका यंत्राला २०१७ मध्ये एका अतितीव्र प्रकारच्या डोकेदुखीसाठी एफडीएने परवानगी दिली.

स्मृतीचा संबंध आला तो अपस्माराच्या रुग्णांमुळे. १९९९ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात एक छोटा, पण विचार करायला लावणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्या छातीत यंत्र आधीच बसवलेले होते, अशा रुग्णांना परिच्छेद वाचायला दिले गेले, त्यांतले काही शब्द ठळक केलेले होते, आणि वाचन संपताच व्हेगसला उत्तेजना दिली गेली. नंतर ते शब्द ओळखायला सांगितल्यावर उत्तेजना मिळालेल्यांची ओळख सुधारलेली आढळली. पण ही सुधारणा मध्यम प्रवाहावर, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिअँपिअरवर होती, आणि प्रवाह वाढवल्यावर ती दिसली नाही. जास्त म्हणजे चांगले, हे समीकरण येथे चालत नाही. हा मुद्दा माहितीपत्रकांत कधीच नसतो. तेथे प्रवाहाच्या जितक्या अधिक पायऱ्या, तितके यंत्र सरस.

त्यानंतर स्वीडनमधल्या एका गटाने प्रत्यक्ष अल्झायमरच्या रुग्णांत यंत्र बसवून पाहिले. २००२ मध्ये १० रुग्णांचे आणि २००६ मध्ये, संख्या वाढवून, एकूण १७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर १७ पैकी १२ जणांचे स्मृती आणि आकलन तपासणाऱ्या एका सर्वसाधारण चाचणीतले गुण खाली गेले नव्हते. दुसऱ्या, अधिक बारकाईच्या चाचणीत मात्र असे ७ जणच होते. ज्या आजारात गुण वर्षागणिक उतरतच जातात, तेथे हे आकडे आशा वाटावी असे होते. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. यंत्र बसवून ते बंद ठेवलेले आणखी १७ जण असते आणि त्यांचे गुण उतरले असते, तर काही सांगता आले असते. पुढे या वाटेने कोणी मोठी, निर्णायक चाचणी केली नाही. वृद्ध आणि दुबळ्या माणसाच्या छातीत शस्त्रक्रिया करायला कोण सहज धजावेल?

म्हणूनच कानातली क्लिप. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, नको वाटले तर काढून ठेवा. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटाने ३० निरोगी वृद्धांना चेहरे आणि नावे यांच्या जोड्या लक्षात ठेवायला दिल्या. कानातून एकदाच दिलेल्या उत्तेजनेनंतर, खोट्या उत्तेजनेच्या तुलनेत, त्यांना जोड्या अधिक नेमकेपणाने आठवल्या. २०२२ मध्ये चीनमध्ये सौम्य बौद्धिक ऱ्हास असलेल्यांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. तिच्यात रुग्ण दोन गटांत विभागले होते, कोणाला खरी उत्तेजना मिळते आहे हे गुपित राखले होते, आणि खऱ्या गटाच्या गुणांत अधिक सुधारणा आढळली. बाबांच्या परिस्थितीला सर्वांत जवळची चाचणी हीच, आणि दादाने आणलेल्या माहितीपत्रकातही तिचाच आधार घेतला होता. माझ्या मते ती दखल घेण्याजोगी आहे, निर्णय घेण्याजोगी नाही. एकाच देशातले, थोडे रुग्ण, सहा महिन्यांहून कमी काळ. आणि सौम्य बौद्धिक ऱ्हास ही अशी अवस्था आहे की तिच्यातले काही जण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही तेथेच थांबतात आणि काही चक्क पूर्ववत होतात. अशा डगमगत्या जमिनीवर लहान गटांमधला फरक फार काळजीने मोजावा लागतो.

खोट्या उत्तेजनेचीही एक गंमत आहे. कानाला मुंग्या येतात, हे माणसाला लगेच कळते, त्यामुळे प्रवाह बंद ठेवून फसवता येत नाही. म्हणून तुलना गटाच्या कानाच्या पाळीवर प्रवाह देतात, कारण पाळीला व्हेगसची फांदी जात नाही, तिची संवेदना मानेतून येणाऱ्या दुसऱ्याच चेतेकडे असते. मुंग्या दोन्हीकडे सारख्या, वाट मात्र वेगळी. पण कानाच्या कोणत्या भागात व्हेगस नक्की आहे? याचे बहुतेक जण देतात ते उत्तर २००२ मधल्या एका शवविच्छेदनावर आधारलेले आहे, आणि त्यात तपासलेली शवे होती फक्त सात. कानाच्या वरच्या लांबट खळग्याला सगळ्या नमुन्यांत व्हेगसचाच पुरवठा होता. कानाच्या छिद्रासमोर जो छोटा उंचवटा असतो तेथे तो निम्म्याहून कमी नमुन्यांत आढळला. असे असूनही कित्येक यंत्रांची क्लिप त्या उंचवट्यावर बसते, कारण ती तेथे घट्ट बसते. जगभरातल्या एवढ्या प्रयोगांचा पाया सात शवांवर आहे, हे वाचून मी निबंध बाजूला ठेवला आणि चहाला उठले.

त्याहून मोठी अडचण अशी की प्रवाह व्हेगसपर्यंत पोहोचला की नाही, हे दाखवणारे भरवशाचे माप अजून हाती नाही. रक्तदाबाचे औषध घेतले तर रक्तदाब मोजता येतो. येथे काय मोजणार? काही प्रयोगांत उत्तेजनेबरोबर डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते, जे निळी जागा जागी झाल्याचे लक्षण मानता येते, पण ते प्रयोगाप्रयोगाने बदलते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा बदल हे माप तर मोबाइलवरच्या प्रत्येक अॅपमध्ये सुंदर आलेखासह दाखवतात. परंतु २०२१ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित गणित मांडले तेव्हा कानातल्या उत्तेजनेचा या मापावर विश्वासार्ह परिणाम आढळला नाही. दादाच्या यंत्राचे अॅपही रोज हिरवा आलेख दाखवते. मी क्लिप कानाला न लावता, नुसती शांत बसून त्याचा फोन हाताळला, तेव्हाही आलेख हिरवाच आला.

या सगळ्यात मला सर्वांत अधिक पटलेली गोष्ट पक्षाघाताच्या संशोधनातून आली. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १०८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघातानंतर ज्यांचा हात दुबळा राहिला होता, त्यांच्या छातीत यंत्र बसवले गेले आणि हाताचा व्यायाम चालू असताना, प्रत्येक हालचालीच्या वेळी, थेरपिस्टने कळ दाबून व्हेगसला अर्ध्या सेकंदाचा झटका दिला. तुलना गटाने तोच व्यायाम केला, पण खऱ्या उत्तेजनेवाचून. सहा आठवड्यांनी हाताच्या क्षमतेचे गुण उत्तेजना मिळालेल्या गटात ५ ने आणि तुलना गटात २.४ ने वाढले, आणि त्याच वर्षी एफडीएने या उपचाराला मान्यता दिली. येथे उत्तेजना एकटी काही करत नाही; तुम्ही त्या क्षणी जे करत आहात ते मेंदूने पक्के करावे, एवढीच ती सूचना देते. पाटीवर काहीतरी लिहिलेले असेल तरच त्याखाली रेघ मारण्याला अर्थ आहे. मग बाबा दूरचित्रवाणीसमोर पेंगत असताना कानाला क्लिप लावून ठेवली, तर रेघ कशाखाली मारली जाणार?

सुरक्षिततेविषयी थोडक्यात: कानातली उत्तेजना बहुतेकांना सोसते, त्वचा लाल होणे, मुंग्या, क्वचित डोकेदुखी किंवा गरगरणे एवढेच सहसा आढळते. परंतु ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र) आहे, ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांनी आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्यावाचून ती क्लिप हातातही घेऊ नये. डावा कान वापरायचा, कारण हृदयाची लय ठरवणाऱ्या केंद्राकडे उजव्या व्हेगसचे तंतू अधिक जातात, असे मानले जाते.

येथपर्यंत वाचून मी दादाला 'करून पाहायला हरकत नाही, पण फार आशा नको' असे काहीतरी सांगणार होते. मग एका रविवारी आम्ही बाबांना क्लिप लावून पाहिली. दादाने सांगितले, "मुंग्या आल्या की सांगा." बाबा म्हणाले, "कोण आलं?" आम्ही हसलो, तेही हसले. नंतर मला ते हसू येईना. त्यांच्या स्मृतीच्या चाचणीत पाच शब्द मोठ्याने वाचून दाखवले जातात आणि थोड्या वेळाने ते परत सांगायचे असतात. जो शब्द नीट ऐकूच आला नाही, तो आठवणार कसा? बाबांचे गुण कमी आले, त्यांतले किती मेंदूमुळे गेले आणि किती कानांमुळे, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता, आणि तपासणाऱ्यांनीही विचारला नव्हता. श्रवणतज्ज्ञांकडे नेल्यावर दोन्ही कानांत मध्यम प्रतीचा बहिरेपणा निघाला. बोलण्यातले बारीक, वरच्या पट्टीतले ध्वनी त्यांना जवळजवळ पोहोचतच नव्हते.

तेव्हा माझ्या लक्षात आले की आम्ही तीन महिने दहाव्या चेतेची चर्चा करत होतो आणि आठवी विसरलो होतो. आठवी म्हणजे श्रवणाची चेता. आतल्या कानात सुमारे साडेतीन हजार केसपेशी ध्वनीच्या कंपनांचे रूपांतर विद्युतसंदेशांत करतात आणि सुमारे तीस हजार तंतूंची ही चेता ते संदेश मेंदूत नेते. शस्त्रक्रियेवाचून चेतेला उत्तेजना देऊन मेंदू जपायचा, हीच जर कल्पना असेल, तर ऐकणे हे तिचे सर्वांत जुने रूप आहे, आणि श्रवणयंत्र हे तिचे सर्वांत साधे उपकरण. क्लिप सेकंदाला २५ वेळा एकसारखे ठोके देते, ज्यांत अर्थ काहीच नसतो. नातवंडाचे एक वाक्य आठव्या चेतेतून जाताना स्मृती, भाषा, भावना आणि लक्ष या सगळ्यांना एकदम कामाला लावते, आणि ते अर्ध्या तासासाठी नव्हे, तर जागेपणाच्या सगळ्या तासांत.

पुरावाही या बाजूला अधिक आहे. २०११ मध्ये फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी ६३९ जणांचा अनेक वर्षे केलेला पाठपुरावा प्रसिद्ध केला: सौम्य बहिरेपणात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यमात तिप्पट आणि तीव्रात जवळजवळ पाचपट. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली, आणि ती सगळी दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के घटना टळू किंवा लांबू शकतील असे म्हटले. त्या कारणांत बहिरेपणा आणि वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल या दोघांचा वाटा, प्रत्येकी ७ टक्के, सर्वांत मोठा आहे. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे, हे दादाला मी क्लिपच्या बाबतीत ऐकवले होते, म्हणून स्वतःलाही ऐकवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रे दिली गेली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत एकंदर फरक आढळला नाही. फक्त ज्यांना मुळातच धोका अधिक होता, म्हणजे ज्यांचे वय अधिक आणि हृदयविकाराची कारणे अधिक होती, अशा गटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. हा निकाल निम्मा आनंदाचा आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. पण बाबा त्या अधिक धोक्याच्या गटात बसतात, आणि श्रवणयंत्राने स्मृती वाचली नाही तरी ऐकू तरी येईल. क्लिपबद्दल असे काही म्हणता येत नाही.

प्रकाश आणि ध्वनी सेकंदाला ४० वेळा लुकलुकवून मेंदूची लय सुधारण्याची आणखी एक वाट आहे, तिच्याविषयी दादाने विचारलेच. एमआयटीच्या ली-हुए त्साय यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांत अशा प्रकाशाने अॅमिलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे दुसरे प्रथिन, कमी झाल्याचे दाखवले आणि जगभर खळबळ उडाली. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने उंदरांवरच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. माणसांवरच्या मोठ्या चाचणीने काय ते ठरावे. तोवर आमच्या घरात लुकलुकणारे दिवे नकोत, यावर आईचे आणि माझे एकमत आहे.

क्रमावरून मात्र दादाचे आणि माझे भांडण झाले. त्याला श्रवणयंत्र आणि क्लिप एकाच दिवशी सुरू करायची होती. मी म्हटले, सहा महिन्यांनी गुण वाढले तर कशामुळे वाढले हे कसे कळणार? तो म्हणाला, "वाढले म्हणजे झालं, मला कुठे निबंध लिहायचाय?" मुलगा म्हणून त्याचे म्हणणे बरोबर आहे, ज्याचे वडील विसरू लागले आहेत त्याने तुलना गटाचा विचार करावा, ही अपेक्षा थोडी क्रूरच आहे. शेवटी तोड अशी निघाली की आधी तीन महिने फक्त श्रवणयंत्रे, मग ती कानात असतानाच स्मृतीची चाचणी पुन्हा, त्यानंतर हृदयाचा आलेख काढून आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारून क्लिप. तीही रिकाम्या बसण्याच्या वेळी लावायची नाही. जुन्या छायाचित्रांचा गठ्ठा घेऊन दादा बाबांशेजारी बसणार, प्रत्येक चेहऱ्यामागे बाबा नाव लिहिणार, आणि तेवढाच वेळ क्लिप कानात राहणार.

सध्या सातवा आठवडा चालू आहे. पहिल्या आठवड्यात बाबा श्रवणयंत्रांना वैतागले होते, वर्तमानपत्राचे पान उलटताना केवढा आवाज होतो अशी त्यांची तक्रार होती, आणि गर्दीत ते अजूनही यंत्रे काढून खिशात घालतात. श्रवणतज्ज्ञांनी आवाजाची पातळी दोनदा बदलून दिली आहे. परवा आई स्वयंपाकघरातून हळू आवाजात माझ्याशी काहीतरी बोलत होती आणि बाबांनी दुसऱ्या खोलीतून तिची चूक दुरुस्त केली. आई आता त्यांच्याविषयी बोलायचे असेल तर गच्चीवर जाते. क्लिप खोक्यातच आहे; तिचा नंबर पुढच्या चाचणीनंतर.